घरातील काटकसर आणि घरातील हात



खाद्यतेलाचा रिकामा डबा स्वयंपाकघरातून बाहेर आला की बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका, चार पैसे येतील. दुसरा म्हणतो, राहू द्या, तळाला भोके पाडली की त्यात मिरची लावता येईल. वाद पुष्कळदा दुसऱ्या पक्षाच्या बाजूने सुटतो आणि डबा जिन्याखाली, आधीच्या सात-आठ डब्यांच्या शेजारी जाऊन बसतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या परीने खरे असते. परंतु त्या डब्याला भोके कोण पाडणार, माती कोण आणणार आणि वैशाखातल्या उन्हात त्याला रोज पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्या वादात सहसा निघतच नाही. घरच्या घरी, घरच्याच माणसांनी करावयाच्या काटकसरीच्या कामांविषयी मला आज बोलावयाचे आहे, आणि सुरुवात या न निघालेल्या प्रश्नापासून करणे मला सोयीचे वाटते.

काटकसर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पैसा येतो. घरखर्चाच्या वहीत रुपये मांडले जातात, आणि महिनाअखेर त्यांतले किती उरले यावर गृहिणीच्या दक्षतेची परीक्षा होते. पण घर चालते ते तीन गोष्टींच्या बळावर: पैसा, वस्तू आणि माणसांचे श्रम. वस्तूंचा हिशेब आपण निदान अधूनमधून करतो; भाजी वाया गेली तर हळहळतो, जुने कापड फेकताना हात थबकतो. श्रमांचे खाते मात्र बहुतेक घरांत उघडलेलेच नसते. याचा परिणाम असा होतो की दहा रुपये वाचविण्यासाठी दोन तास खर्ची पडले तरी ती काटकसरच ठरते, कारण ते दोन तास कोणाच्याच नावे लिहिलेले नसतात.

ते कोणाच्या नावे लिहिले पाहिजेत, हे सांगावयास आता आकडे उपलब्ध आहेत. आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी केली. कोण दिवसाचे चोवीस तास कोणत्या कामात घालवितो, याची ती मोजदाद होती. घरच्या माणसांसाठी बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्या कामांत जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटांचा. शिवाय अशी कामे करणारे पुरुष मुळातच थोडे, ही गोष्ट वेगळी. म्हणजे जिच्या दिवसातले पाच तास आधीच या कामांत जातात, तिच्याच माथी आपण नवी काटकसर मारणार असलो, तर वाचलेला रुपया कोठून आला हे प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे. माझ्या मते घरगुती उद्योगाला लावावयाची पहिली कसोटी हीच: या कामाने पैसा किंवा वस्तू वाचते का, आणि ते काम घरातल्या सर्वांत मोकळ्या हातांकडे जाते का? या कसोटीवर मोबाइलवरील चित्रफितींत दिसणारे निम्मेअधिक उद्योग गळून पडतात. जुन्या बाटल्यांवर दोऱ्याची नक्षी करणे हा छंद म्हणून चांगला आहे. त्याला काटकसर म्हणण्याचे कारण नाही.

जे उद्योग या कसोटीला उतरतात, त्यांत मी पहिला मान ओल्या कचऱ्याच्या खताला देतो. आपल्या शहरांतल्या कचऱ्याचा साधारण निम्मा भाग कुजण्याजोगा असतो: भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवाची निर्माल्यफुले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्यास सांगितले. वेगळा केल्यावर ओला कचरा दारातूनच बाहेर जाऊ नये, ही त्यापुढची पायरी.

हे शास्त्र आपल्याला परके नाही, आणि त्याच्या इतिहासात एक मराठी नावही आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी संशोधक म्हणून आला. पुढे १९२४ पासून त्याने इंदूरच्या संस्थेत काम केले, आणि तेथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून ठरावीक दिवसांनी ते उलथेपालथे करण्याची पद्धत बसविली. तीन महिन्यांच्या आसपास उत्तम खत तयार होई. या कामावरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यावर हॉवर्डच्या जोडीने यशवंत वाड या सहकाऱ्याचे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या चळवळीत ‘इंदूर पद्धत’ हे नाव आजही घेतले जाते. हॉवर्ड स्वतः कबूल करी की शेतीचे पुष्कळसे ज्ञान आपल्याला हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांकडून मिळाले. साहेबाच्या लेखी आपला शेतकरी गुरुस्थानी असावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

चार माणसांच्या घरात इंदूरची रास घालावयास जागा नसते आणि शेणही नसते. पण तत्त्व तेच चालते. ते तत्त्व असे. कुजविणारे सूक्ष्म जीव हे आपल्यासारखेच अन्न, पाणी आणि हवा यांवर जगतात. ओल्या कचऱ्यात नत्र पुष्कळ असते, वाळक्या पाल्यात कर्ब पुष्कळ असतो; वजनाने तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण या जीवांना मानवते. घरात कोणी रसायनशास्त्राचा तराजू घेऊन बसावे, अशी अपेक्षा नाही. ओंजळभर ओला कचरा टाकला की त्यावर तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, चुरगळलेला वाळका पाला टाकावा, एवढे पुरते. पात्र म्हणून मातीचा मोठा माठ घ्यावा किंवा जुनी बादली. बाजूंना आणि तळाला भोके हवीत आणि ते दोन विटांवर ठेवावे, म्हणजे खालूनही हवा खेळते. अशी दोन पात्रे असावीत. एक भरत असताना दुसरे मुरत राहते. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा चांगली बागेची माती विरजणासारखी घालावी. दर चार-सहा दिवसांनी एखाद्या काठीने वरखाली करावे. मुठीत घेऊन दाबले असता पिळून वाळत घातलेल्या फडक्याइतपत ओल लागली की समजावे, सर्व ठीक चालले आहे.

लोक या उद्योगाला भितात ते दुर्गंधीमुळे. दुर्गंधी ही रोगाची खूण असते. पाणी जास्त झाले आणि हवा कोंडली की ती येते. औषध सोपे: वाळका पाला घाला आणि ढवळा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तरी घाबरण्याचे कारण नाही. त्याही कुजविण्याचेच काम करीत असतात, आणि वाळका थर वाढविला की कमी होतात. उरलेले तेलकट कालवण, दुधाचे पदार्थ आणि मासळीची हाडे मात्र या माठात टाकू नयेत. त्याने उंदीर आणि मांजरे यांची पंगत बसते. दोन-तीन महिन्यांनी माठभर कचऱ्याचे चौथाईभर काळसर, मोकळे खत होते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

आता श्रमाची वाटणी पाहा. कचरा माठात टाकणे हे स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून सहज होते, त्याला निराळा वेळ लागत नाही. वाळका पाला गोळा करणे, तो पोत्यात भरून ठेवणे आणि चुरणे हे मुलांचे काम. ते त्यांना आवडते, कारण त्यात आवाज होतो. ढवळणे आणि माठ बदलणे हे रविवारी सकाळी घरातल्या कर्त्या पुरुषाने करावे. त्याला अर्धा तास पुरतो, आणि वर्तमानपत्र त्यानंतरही शिळे होत नाही.

खत झाले की बाग ओघाने येते. येथे मला थोडे कडू बोलणे भाग आहे. घरच्या भाजीवर घर चालेल, या भ्रमात कोणी राहू नये. गच्चीत दहा डब्यांत कांदे-बटाटे पिकवून बाजारहाटाचा खर्च वाचत नाही; पाणी, माती आणि मेहनत यांचा हिशेब मांडला तर तो तोट्यात जातो. फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. आपण बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणतो, चार काड्या वापरतो आणि उरलेली तीन दिवसांनी काळी पडते. कढीलिंबाचे तसेच, पुदिन्याचे तसेच. म्हणजे जी वस्तू रोज, पण चिमूटभर लागते, ती घरी लावावी. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, गवती चहा, ओव्याचे पान आणि कढीलिंब, ज्याला विदर्भात गोडलिंब म्हणतात, ही सहा झाडे ज्या घरात हाताशी आहेत, त्या घरातली नासाडी कमी होते. मेथीही लावावी, तीन-चार आठवड्यांत काढणीस येते, म्हणून मुलांचा धीर सुटत नाही.

धने पेरताना ते लाटण्याखाली हलके रगडून दोन दळांत फोडावे. प्रत्येक दाण्यात दोन बिया असतात. उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत ‘आमचे धने खराब निघाले’ असा निर्णय देऊन डबा उकरू नये. पुदिना विकत घेतलेल्या जुडीच्या जाड काड्यांपासूनच होतो. पाने खुडून घ्यावीत, काड्या पाण्यात ठेवाव्यात आणि मुळे फुटली की लावाव्यात. ज्यांना जमिनीचा तुकडा आहे त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ लावण्याची कोकणातली चाल जरूर उचलावी. तेथे दोन पिढ्यांपूर्वी न्हाणीचे पाणी वाया जात नसे. माणसाची आंघोळ झाली की केळीची होई.

डबे वापरताना काही पथ्ये आहेत आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. रंगाचे जुने डबे आणि कीटकनाशकांची पिंपे यांत खाण्याचे काहीही लावू नये. ती धुऊनही निर्धोक होत नाहीत. दुसरे पथ्य गच्चीचे. पंधरा लिटरांचा डबा ओल्या मातीने भरला तर त्याचे वजन वीस किलोंवर जाते. असे वीस डबे म्हणजे चारशे किलोंहून अधिक भार झाला, आणि तो गच्चीच्या मधोमध रचणे शहाणपणाचे नाही. डबे भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवावेत, विटांवर उचलून ठेवावेत, आणि माती निम्मीच घेऊन उरलेला भाग खत व रसवंतीगृहातून मिळणारा उसाचा कुजविलेला चोथा यांनी भरावा. चोथ्याने वजन हलके होते आणि ओलही टिकते. तिसरे पथ्य डासांचे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा या ताटल्या आठवड्यातून एकदा नियमाने कोरड्या कराव्यात.

पाण्याच्या बाबतीत एक जुनी युक्ती मला फार आवडते. बिनझिलईचा कोरा माठ वेलाच्या पिंपात किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि तोंडावर झाकण ठेवावे. माती कोरडी झाली की माठातून पाणी झिरपते, ओली असली की झिरपणे मंदावते. झाडच आपल्या तहानेप्रमाणे पाणी ओढून घेते, असे म्हणा. या पद्धतीचे वर्णन इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी कृषिग्रंथात सापडते, आणि आपल्याकडे कुंभाराच्या दुकानात ती आजही विकत मिळते. चार-पाच लिटरांचा माठ उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतो. रोज पाणी घालण्याचे काम दोन दिवसांआड आले, म्हणजे येथे पाणीही वाचले आणि हातही वाचला. कोल्हापूरचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच श्रद्धेने, की साध्या माणसाने आपल्या अंगणात नोंद ठेवून केलेला प्रयोग हेही विज्ञानच आहे. आपल्या घरीही एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय पेरले, केव्हा उगवले, किती मिळाले, हे शाळकरी मुलाकडून लिहवून घेतले तर पुढच्या वर्षी अंदाजाने चालावे लागत नाही.

बागेतून आता घरावर येऊ, म्हणजे अक्षरशः छपरावर. सिमेंटच्या स्लॅबखाली वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना उन्हाळ्याच्या रात्री काय असतात हे सांगावयास नको. काळपट गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खाली सोडते. पांढरी गच्ची पुष्कळसे ऊन परतवून लावते. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेच्या लाटेविरुद्ध कृती आराखडा तयार केला, आणि पुढे त्यातच गरीब वस्त्यांतली छपरे चुन्याने पांढरी करण्याचा उपक्रम जोडला. खोलीतले तापमान त्याने काही अंशांनी उतरते. मार्चअखेर एका कुटुंबाने एका सकाळी करण्याजोगे हे काम आहे. गच्ची झाडून धुवावी, चुन्याची निवळी नव्हे तर दाट दूध करावे, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक भिजवून घालावा, फडक्यातून गाळावे आणि कुंच्याने दोन हात द्यावेत. एक आडवा, एक उभा. पावसाळ्यात बराचसा रंग धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी हे पुन्हा करावे लागते. ज्या घरात पावसाचे पाणी गच्चीवरून टाकीत साठवितात, त्यांनी पहिल्या पावसांचे पाणी सोडून द्यावे.

चुन्याशी मात्र थट्टा नको. कळीचा चुना विरताना पाणी उकळू लागते. आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत, आणि चुना विरविताना मुले दहा हात दूर हवीत. कुंचा फिरविताना ती जवळ आली तर चालेल, तेव्हाही मोजे घालून. बाजारात विरविलेला चुना मिळतो, तो आणला तर ही धास्तीच उरत नाही.

नळाविषयी दोन वाक्ये पुरेत. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी घालवितो, आणि त्याचे कारण बहुधा झिजलेला वायसर असते. मुख्य चावी बंद करून, पान्याने नळाचे डोके उघडून नवा वायसर बसविणे हे कॉलेजातल्या मुलाला आणि मुलीलाही दहा मिनिटांत शिकता येते. विजेच्या कामाला मात्र मी हे म्हणणार नाही. तारा जोडणे, पंखा टांगणे, जळालेले बटण बदलणे यांसाठी जाणता कारागीर बोलवावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. त्या ठिकाणी वाचविलेले पैसे फार महाग पडू शकतात.

स्वयंपाकघरातले इंधन वाचविण्यास शास्त्राची एकच गोष्ट ध्यानात धरावी. पाण्याला उकळी फुटली की ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. अधिक ज्योत अधिक वाफ करते, एवढेच. डाळ-तांदूळ शिजण्यास उष्णता टिकावी लागते, ज्योत नव्हे. म्हणून भिजविलेली तूरडाळ दहा मिनिटे खळखळ उकळून, झाकण न उघडता, पेंढा किंवा जुन्या कापडाच्या चिंध्या ठासलेल्या लाकडी खोक्यात ठेवली तर तासा-दीड तासात आपल्याआपण शिजते. खाण्यापूर्वी ती पुन्हा एकदा उकळावी; कोमट अन्न तासन्‌तास ठेवणे बरे नव्हे. राजमा या पेटीत घालावयाचा असेल तर आधी दहा मिनिटे पूर्ण उकळलाच पाहिजे, कारण अर्धवट शिजलेल्या राजम्यातले विष पोटास बाधते. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली तयार केलेला ‘इकमिक’ कुकर अशाच मंद आचेच्या विचारातून आला होता. सकाळी कोळसे घालून निघालेल्या नोकरदाराला त्यात शिजलेले जेवण मिळे. प्रेशर कुकरने त्याला मागे टाकले. पण कुकरची शिटी थांबल्यावर वाफ बळेच न सोडता तो तसाच ठेवणे, हा त्याच युक्तीचा अंश आजही फुकट मिळतो.

थंडाव्याचे म्हणाल, तर दोन माठ आणि त्यांच्या मध्ये ओली वाळू, ही सोय नागपूर, इंदूर, दिल्ली येथे उत्तम चालते आणि मुंबई, पणजी, कलकत्ता येथे चालत नाही. बाष्पीभवनाला कोरडी हवा लागते. जी हवा आधीच ओलावलेली आहे, ती आणखी पाणी कोठे घेणार? नागपूरकरांचे वाळ्याचे पडदे दादरच्या खिडकीत का शोभत नाहीत, याचे उत्तर यातच आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात दुहेरी विटांच्या भिंतीत ओली वाळू भरून विजेवाचून भाजीपाला टिकविणारी कोठी तयार केली, ती शेतकऱ्याच्या बांधावर खरी उपयोगाची. ज्या घरात शीतकपाट आहे, त्याने केवळ हौसेखातर दोन माठ आणून ते रोज भिजविण्याचा व्याप वाढवू नये. प्रवासात, बदलीत किंवा वीज नसलेल्या गावी ही गोष्ट माहीत असावी, इतकेच.

गोधडीविषयी मात्र मला सावकाश बोलले पाहिजे, कारण तिच्या ठिकाणी माझी कसोटी अडखळते. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते; त्याची चार पदरी घडी घातली की बरोबर एका माणसाच्या अंगाएवढा थर होतो. जणू गोधडी मनात धरूनच लुगड्याचे माप ठरविले असावे! असे दोन थर, वरखाली जरा बऱ्या कापडाचे अस्तर, आणि काठाकडून आत आत येणारा धावदोरा. बंगालात हिलाच कांथा म्हणतात, बिहारात सुजनी, राजस्थानात रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी तर आज कलावस्तू म्हणून दूरदूर जाते. गंगेच्या काठापासून सह्याद्रीच्या जंगलापर्यंत, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायकांनी जुन्या कापडाला एकच न्याय लावला.

पण तासांचा हिशेब मांडला तर गोधडी महाग पडते. बाजारात यंत्रावर विणलेले पांघरूण तिच्या शिलाईच्या मोबदल्यापेक्षा स्वस्तात मिळते. पूर्वी ते तास दिसत नसत, कारण दुपारच्या सावलीत चार शेजारणी एकत्र बसत आणि बोलता बोलता टाके पडत. आज तशी दुपार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अवश्य शिवावी. बाळाच्या दुपट्यापासून आरंभ करावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी जुनी सुती लुगडी आणि पाचवारी पातळे धुऊन, घड्या करून, गोधड्या शिवून देणाऱ्या बाईकडे द्यावीत आणि तिला योग्य मजुरी द्यावी. कापड वाचते, एका घराची चूल पेटते, आणि आपल्या घरातल्या कोणाच्या डोळ्यांना सुई टोचीत राहत नाही. यालाही मी काटकसरच म्हणतो, मग ती आपल्या हातची नसली तरी. कृत्रिम धाग्यांच्या साड्या मात्र त्यात मिसळू नयेत. त्या घाम टिपत नाहीत आणि टाक्याखालून निसटतात.

हे सर्व ऐकून भाड्याच्या किंवा सरकारी घरात राहणारे म्हणतील, आमचे येथे किती दिवस? मी स्वतः बदलीच्या नोकरीतला असल्याने हा प्रश्न मला परका नाही. डबे आणि माठ ट्रकमध्ये चढतात. पुदिना आणि गवती चहा यांचा एक-एक ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून नेला तर नव्या गावी महिन्याभरात रुजतो. मुरत आलेले खत शेजाऱ्याला द्यावे, ते वाटेत हलवू नये. जमिनीतली झाडे मात्र जागीच राहणार. कागदी लिंबू बीपासून लावले तर फळास पाच-सहा वर्षे लागतात, गुटी कलमाचे लावले तरी तीन. आणि बदली बहुधा त्याच सुमारास येते. म्हणजे लिंबाच्या झाडाचे पाणी एक कुटुंब घालते आणि सरबत दुसरे पिते, हे सरकारी वसाहतींतले ठरून गेलेले गणित आहे. आपणही कोणीतरी लावलेल्या शेवग्याच्या शेंगा खाल्लेल्या असतात, तेव्हा तक्रारीला जागा नाही. लिंबू लावताना ते भिंतीपासून दोन-तीन मीटर सोडून लावावे, पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात त्याच्या बुंध्याशी पाल्याचे आच्छादन ठेवावे. आणि घर सोडताना किल्ल्यांबरोबर एका कागदावर येणाऱ्या कुटुंबासाठी लिहून ठेवावे: झाड कोणत्या वर्षी लावले, पाणी किती दिवसांआड लागते, आणि कुंपणाकडचा कढीलिंब पावसाळ्याआधी छाटावा.